एका घोटाचा आवाज

२ फेब्रुवारी

लेकीने आज सकाळी चहा गाळता गाळता सांगून टाकलं. एक जण आहे, लग्नाचा विचार आहे, रविवारी घरी येईल. गाळणं हातात तसंच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, येऊ दे की. आवाज नीट निघाला असावा, कारण ती हसली.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. ही बस डेपोच्या कचेरीत गाड्यांची वेळापत्रकं लावते. गेल्या वर्षी तिथली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत ही एकटीच. बंद जागेत हिचा जीव लहानपणापासून घाबरा होतो. हा बाहेरून काम करता करता पाऊण तास तिच्याशी बोलत राहिला. आता मी हे फिरवतोय, खट्‌ असा आवाज येईल, आला की समजा सगळं ठीक चाललंय. दार उघडल्यावर तिला त्याचं तोंड दिसलं, तोवर नुसता आवाज. म्हणाली, बाबा, तेव्हाच ठरलं होतं बहुतेक.

वर्षभर ठरलं होतं आणि मला आज कळलं.

हिची आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची. त्याला आता एकोणीस वर्षं झाली, घरात दोघंच. मी कामाच्या खोलीत जाऊन एक कवळी पुढे घेतली, वरच्या जबड्याचे चौदा दात मेणात बसवायचे होते. समोरचे दोन दात तीनदा उपटून पुन्हा लावले.

५ फेब्रुवारी

येऊन गेला. पाहायला साधा, हात कामाचे, नखं स्वच्छ. माझ्या कामाच्या खोलीत आपणहून आला आणि प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीसमोर बराच वेळ उभा राहिला. लोक तिथे एकतर घाबरतात किंवा विनोद करतात. याने विचारलं, म्हातारी माणसं नवी कवळी घातल्यावर पहिला शब्द कोणता बोलतात? चाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटलो. तो ऐकत होता, मान डोलवायची म्हणून डोलवत नव्हता.

मग चहा आला. माझा धंदाच लोकांच्या तोंडावर चालतो, समोर माणूस बसला की माझी नजर डोळ्यांकडे नाही, ओठांकडे जाते. तर याची गंमत अशी की घोट घशात क्षणभर अडतो आणि उतरताना आवाज होतो. गुटुक. स्वच्छ, गोल आवाज, विहिरीत खडा पडल्यासारखा. मागून एक छोटा सुस्कारा. पहिल्यांदा वाटलं चुकून झालं. तिसऱ्या घोटापासून मी त्याचं बोलणं ऐकायचं सोडून मोजत बसलो. एका कपात नऊ.

लेकीच्या ते गावीही नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती.

६ फेब्रुवारी

धाकटी बहीण आणि मेहुणे संध्याकाळी मुद्दाम आले, मुलगा कसा आहे हे ऐकायला. दोन गल्ल्या सोडून राहतात, दम धरवेना. मी म्हटलं, सोन्यासारखा आहे, मन लावून ऐकतो, कामाची जाण आहे, हिला जपेल. आणि मग काय झालं कोण जाणे, पाण्याचा ग्लास समोरच होता, तो उचलला आणि करून दाखवलं.

मला नकला येतात. हिची आई होती तेव्हा पाहुणे आले की तीच मला करायला लावायची. बऱ्याच वर्षांत केली नव्हती, पण ही पहिल्या झटक्यात जमली. घोट अडवला, डोळे किंचित मोठे केले, गुटुक, सुस्कारा. बहीण खुर्चीत वाकडी झाली. लेक आधी "बाबा!" म्हणून रागावली. दुसऱ्यांदा केली तेव्हा तिच्या तोंडातलं पाणी टेबलभर उडालं. मेहुण्यांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, गुटुकराव. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. लेकीने डोळे पुसत माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, लहान असताना ठेवायची तसं.

या घरात इतकं हसणं कितीतरी वर्षांनी झालं. फार छान गेला दिवस.

२६ फेब्रुवारी

तो आज सकाळपासून माझ्या खोलीत होता. कवळी घासताना उडणारी बारीक पूड बाहेर जावी म्हणून पंखा आणि पत्र्याचं नळकांडं बसवलं. मी सांगितलं नव्हतं. मागच्या खेपेला मला खोकताना ऐकलं होतं म्हणे. चार तास स्टुलावर उभा, एकदाही कुरकुर नाही, खाली पडलेला कचरा स्वतः झाडून घेतला.

बहिणीचा फोन आला तो नेमका तेव्हाच. "गुटुकराव आहेत का तिथे?" म्हणाली आणि फोनवरच आवाज काढू लागली. मी हसलो. लेक दारात उभी होती. मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "बाबा, आता पुरे ते." मी म्हटलं, अगं, प्रेमाने म्हणतात. तिने चहाचं आधण ठेवलं.

नंतर त्याला चहा दिला. तो कप तोंडाला लावणार तेवढ्यात ती उठून आत गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवू लागली. नळ जोरात सोडला होता. पंखा मात्र झकास चालतोय.

८ मार्च

एका डोळ्याने लिहितोय, ओळी वाकड्या जातील.

सोमवारी कवळी दाताला अडकवायच्या आकड्याची तार कापताना तुकडा उडून उजव्या डोळ्यात गेला. लेकीला फोन केला. डेपो लांब, तिने याला कळवलं. हा दहा मिनिटांत जिने चढून हजर. डोळ्यांच्या इस्पितळात माझ्याबरोबर चार तास बसला. डोळा हलू नये म्हणून दोन्हींवर पट्टी बांधली होती. अंधारात बसवलं की माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. खुर्चीची कड घट्ट धरून बसलो. त्याने माझा हात धरला नाही, नुसता बोलत राहिला. काका, समोर एक आजोबा बसलेत, त्यांच्या चपला उलटसुलट आहेत. काका, नर्स येतेय, तिच्या हातात ट्रे आहे, त्याचा आवाज येईल. लिफ्टमध्ये लेकीला काय वाटलं असेल ते सगळं समजलं. मनात म्हटलं, पोरगी नशीबवान आहे.

त्याच वेळी तो बाटलीतलं पाणी प्यायला. गुटुक.

आणि पट्टीखाली माझे ओठ हलले. हसू आलं मला. ज्या माणसाच्या आवाजाच्या आधाराने बसलो होतो, त्यालाच. त्याने ते पाहिलं असणार, कारण म्हणाला, "काका हसतायत म्हणजे दुखायचं कमी झालं." मी हो म्हटलं.

१९ मार्च

लेकीने त्याला नकार कळवला. मला आज दुपारी सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर न करता बोलली.

"मला आधी ऐकू येत नव्हतं, बाबा. वर्षभर त्याच्याबरोबर चहा प्यायले, एकदाही नाही ऐकू आलं. आता त्याने कप उचलला की माझे कान ताठ होतात. तो काय बोलतोय तेच कळत नाही, पुढच्या घोटाची वाट बघत बसते. आणि आला की तुम्ही दिसता, डोळे मोठे केलेले."

मी म्हटलं, इतक्याशा गोष्टीवरून? ती म्हणाली, हो, इतक्याशाच. इतक्याशा गोष्टीवरून असल्या माणसाला सोडणारी बाई कशी असेल असं कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवा. म्हणून तर लग्न करायचं नाही. त्याच्याशेजारी बसून आयुष्यभर मनात हसायचं, आणि त्याला ते माहीत नसायचं, हे मला जमणार नाही.

मी समजूत घालायला लागलो तर तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. 

२० मार्च

सकाळी दोन कप चहा ठेवला आणि मला हलकं वाटलं.

हे कोणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२७ मार्च

मी मुद्दाम केलं का? आठवडाभर हाच किडा डोक्यात. नाव मेहुण्यांनी ठेवलं, हसले सगळेच, लेकही हसली. नक्कल मी आजवर डॉक्टरांची केली, शेजाऱ्यांची केली, हिच्या आईची तर तिच्या तोंडावर केली. कोणाचं काही मोडलं नाही.

पण ग्लास उचलायच्या आधी मी लेकीकडे पाहिलं होतं, हे मला आठवतं. बहिणीला त्याच्याबद्दल चांगलं सांगत होतो आणि लेकीचा चेहरा उजळत चालला होता. प्रत्येक वाक्याला ती माझ्यापासून वीतभर लांब सरकतेय असं वाटलं. आणि मग ग्लास. हे आधी का आठवलं नाही? की आठवत होतं?

मागची पानं चाळली. त्या माणसाचं खरं नाव मी या वहीत एकदाही लिहिलेलं नाही. आज लिहावं म्हणून पेन टेकवलं तर हाताने 'गुटु' एवढं लिहूनही टाकलं. खोडलं. मग काहीच लिहिलं गेलं नाही.

४ एप्रिल

आज तो भेटला.

दातांच्या डॉक्टरांकडे दोन कवळ्या पोचवायच्या होत्या. दवाखाना चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, हा आत अर्धा वाकलेला. मला वाटलं, तोंड न दाखवता तसंच खाली पळावं. त्यानेच पाहिलं. "काका, डोळा कसा आहे?" हे पहिलं वाक्य.

उकाडा विचित्र होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ सुकून पांढरे पडले होते. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, ती पुढे केली. तो म्हणाला, नको, तहान नाही. मी म्हटलं, अरे, घे. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा नको म्हणाला. त्याच्या अवजारांच्या पेटीशेजारी त्याचीही बाटली होती, काठोकाठ भरलेली.

तेव्हा मला कळलं. त्याला माहीत आहे.

मी जिन्यावरच बसलो. तो शेजारी बसला नाही, दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, नकाराचं कारण विचारलं तेव्हा तिने आधी काही काही सांगितलं. पण तिला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं खरं सांग, मग सांगितलं. खूप रडली.

मी म्हटलं, "ती नक्कल मी केली होती."

"ठाऊक आहे. कोणी केली ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या कोणी केली असती तर सांगितलं असतं."

माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला. फार लहान वाटला, त्या जिन्यात तर आणखीच.  मग जे बोलला ते तसंच्या तसं लिहितो.

"बत्तीस वर्षं पाणी पितोय काका, मला पत्ताच नव्हता. आईने कधी सांगितलं नाही, मित्रांनी नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं की येऊनही त्यांचं काही अडत नव्हतं, देव जाणे. आता मलाही ऐकू येतं. चारचौघांत घोट घशाखाली उतरत नाही. बाजूला जाऊन पितो."

एवढं बोलून तो पुन्हा लिफ्टमध्ये वाकला. मी वर जाऊन कवळ्या दिल्या. येताना तिसऱ्या मजल्यावरून जावं लागलं. मला बघून त्याने हातातली बाटली खाली ठेवली.

५ एप्रिल

लेकीला कालचं सगळं सांगितलं. बाटलीचंही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग मी जे या वहीत लिहिलं होतं तेही बोललो, की घर रिकामं होईल याची मला भीती वाटली होती, आणि नकार ऐकून दुसऱ्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

ती म्हणाली, भीतीचं मला माहीत होतं. बरं वाटल्याचं माहीत नव्हतं.

 मग म्हणाली, डेपोजवळ कचेरीतल्या एका बाईंच्या घरी एक खोली रिकामी आहे, मी तिथे राहायला जाते. मी हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण बोलली:

"तुम्ही माझ्या वेण्या घालायला शिकलात, बाबा. परीक्षेच्या वेळी शाळेबाहेर उन्हात उभे राहायचात. दुसरं लग्न केलं नाहीत. मला सगळं आठवतं, मी आठवायचा प्रयत्नसुद्धा करते. पण तुमच्याकडे पाहिलं की आता ती संध्याकाळच दिसते. मी काय करू?"

६ एप्रिल

मला हे पटत नाही. एकोणीस वर्षं मी हिच्यासाठी रात्रीचा दिवस केला नसेल, पण जे केलं ते जिवापाड केलं. ताप आला तर कामं परत पाठवली. हिला आवडत नाही म्हणून घरात सिगारेट ओढली नाही, मग सोडूनच दिली. एवढं सगळं एका बाजूला आणि एक संध्याकाळ दुसऱ्या बाजूला, आणि संध्याकाळ जड? माणसाचं सगळं चांगलं पुसून एवढीशी चूक तेवढी लक्षात ठेवायची, हा कुठला

पेन इथे थांबलं. पुढचं लिहीत नाही.

१५ एप्रिल

गेली. दोन पेट्या, एक गादी, टेबलावरचा दिवा. पेट्या मी खाली उतरवून दिल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाली, चहात साखर कमी घाला. रविवारी येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.

दुपारी पंखा लावून काम केलं. पूड सगळी बाहेर जाते. खोकला उरलेलाच नाही.

२३ एप्रिल

बहिणीने जेवायला बोलावलं, एकटा बसून काय करतोस म्हणून. मी ठरवून गेलो होतो. लेक वेगळी राहायला का गेली हे त्यांना माहीत नाही, त्यांना वाटतं नोकरीच्या सोयीसाठी. लग्न मोडलं ते त्या मुलाचंच काहीतरी असणार, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलंय.

जेवणं झाल्यावर मी सांगायला लागलो. म्हटलं, आज त्याच्याबद्दल नीट ऐका. लिफ्टचं सांगितलं, पाऊण तास तो पोरीशी कसा बोलला. पंखा कसा बसवला, खोकला ऐकून, न सांगता. इस्पितळातले चार तास. उलट्या चपलांचे आजोबा. प्लास्टरच्या जबड्यांसमोर उभा राहून विचारलेला तो प्रश्न.  बहिणीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. म्हटलं, असा माणूस आपण हसण्यावारी घालवला. आपण म्हणजे मी. आता तो लोकांसमोर पाणी पीत नाही.

 मला वाटलं, पोचलं.

मग मेहुणे हळहळत म्हणाले, "खरंच फार चांगला होता हो गुटुकराव." आणि थोडं थांबून, "पण काही म्हणा, तुम्ही ते हुबेहूब करायचात. एकदा करून दाखवा ना."

मी नाही म्हटलं. जोरात म्हटलं. बहीण त्यांच्यावर डाफरली, काय हे, आत्ता तो काय सांगतोय. ते म्हणाले, अगं, सहज. आणि समोरचा ग्लास उचलून त्यांनीच करून पाहिलं. वाईट जमलं. नुसता गळ्यातून आवाज काढला. तरी बहिणीला हसू फुटलंच, पदर तोंडावर धरून ती आत पळाली.

मी हसलो नाही. हे खरं आहे आणि ते मी इथे लिहू शकतो. पण खरं लिहायचं तर पुढचंही लिहिलं पाहिजे. मेहुण्यांनी ग्लास खाली ठेवला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या माणसाचा नव्हता, लेकीचा नव्हता. मनात आलं, यांचं चुकलं, घोट आधी अडवायचा असतो. आणि तिथेच, ओठ घट्ट मिटून, कोणाला कळू न देता, माझ्या घशाने तो बरोबर करून पाहिला.